कोयरीचं टोक आणि पोटाचा बाक : पी-फाइव्हमध्ये वक्र आकार काढताना

प्रश्न थोडक्यात असा : आजीच्या लुगड्याच्या काठावरची कोयरी पी-फाइव्ह (कोड लिहून ब्राउझरमध्ये चित्र काढायची जावास्क्रिप्ट लायब्ररी) वापरून स्क्रीनवर काढायची आहे. फोटोवर माउसने चौदा बिंदू टिपले आणि ते ओळीने कर्व्हव्हर्टेक्सला, म्हणजे दिलेल्या बिंदूंतून वक्र नेणाऱ्या फंक्शनला, दिले. पण पहिला आणि शेवटचा तुकडा उमटलाच नाही, टोक बोथट झालं आणि पोटाजवळ रेघेला एक बारीक गाठ पडली. मग तो नाद सोडून चापांचे तुकडे जोडून पाहिले, तर अर्धवर्तुळ उलटं आलं आणि सांध्यांवर कोपरे दिसू लागले. शिवाय कोयरीच्या आत, कडेला समांतर अशी टिपक्यांची ओळ हवी आहे आणि टिपक्यांमधलं अंतर सगळीकडे सारखं हवं आहे.

अडचणी पाच दिसतात, पण मूळ एकच आहे. तुम्ही लायब्ररीला बिंदू सांगितलेत, दिशा सांगितल्या नाहीत. वक्र रेघेच्या प्रत्येक बिंदूला जागा असते आणि त्या जागेवरून पुढे जाण्याची एक दिशाही असते. शाळेत तिला आपण स्पर्शिका म्हणायचो. सरळ रेघेत दिशा आपोआप मिळते, कारण दोन टोकं ठरली की दिशा ठरली. वक्रात ती कुणीतरी ठरवावी लागते. तुम्ही ठरवली नाहीत तर लायब्ररी स्वतःच्या नियमाने ठरवते आणि तिला कोयरी म्हणजे काय हे माहीत नसतं.

माझी मावशी रांगोळीत कोयरी काढायची तेव्हा चिमूट कुठून कुठे जाते यापेक्षा तिचं मनगट कसं वळतं हे बघण्यासारखं असायचं. पोटाशी मनगट संथ फिरायचं, मानेशी उलट वळायचं आणि टोकाला आल्यावर ती चिमूट उचलायची. टोकाला उचलणं महत्त्वाचं, कारण तिथे दिशा तुटते. हे तीन प्रकार लक्षात ठेवा : दिशा संथ बदलते, दिशा उलट्या अंगाला वळते आणि दिशा तुटते. कोयरीत तिन्ही आहेत, म्हणून वक्र शिकायला तिच्यासारखा आकार नाही.

फंक्शनची नावं मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत देते आहे, एडिटरमध्ये ती रोमन लिपीतच टाइप करा. आकडे पी-फाइव्हच्या १.x आवृत्तीत, ४०० बाय ४०० च्या कॅनव्हासवर चालतील असे आहेत. पडद्यावर वाय अक्ष खाली वाढतो हे एकदा मनाशी पक्कं करून घ्या. वहीतला आलेख वर वाढतो, इथे शून्य वरच्या डाव्या कोपऱ्यात असतं.

आधी तुमच्या कर्व्हव्हर्टेक्सचं बघू, कारण तो मार्ग वाईट नाही, फक्त अपुरा आहे. हे फंक्शन कॅटमल-रोम नावाचा वक्र काढतं. एडविन कॅटमल आणि राफाएल रोम या दोघांनी तो १९७४ मध्ये मांडला. त्याचा नियम सोपा आहे : एखाद्या बिंदूवरची दिशा त्याच्या मागच्या आणि पुढच्या बिंदूंवरून ठरवायची. मागच्या बिंदूपासून पुढच्या बिंदूपर्यंत मनातल्या मनात सरळ रेघ ओढा, मधल्या बिंदूवर वक्र त्या रेघेला समांतर जाईल. मागचा शेजारी (१००, ३००) वर आणि पुढचा (२२०, २४०) वर असेल, तर मधल्या बिंदूवर दिशा (१२०, −६०) अशी, म्हणजे उजवीकडे आणि थोडी वर.

आता पहिल्या बिंदूचा विचार करा. त्याला मागचा शेजारीच नाही. शेवटच्याला पुढचा नाही. दिशा ठरवता येत नाही, म्हणून ही लायब्ररी त्या दोन बिंदूंचा उपयोग फक्त शेजारी म्हणून करते, त्यांच्यापर्यंत रेघ नेत नाही. तुमचे दोन तुकडे तिथे गेले. उघडी रेघ हवी असेल तर पहिला बिंदू दोनदा आणि शेवटचाही दोनदा द्या. बंद आकार हवा असेल तर सगळे बिंदू देऊन झाल्यावर पहिले तीन पुन्हा द्या. तीनच का, तर वक्र दुसऱ्या बिंदूपासून सुरू होतो, फिरून पहिल्यावर येतो, मग दुसऱ्यावर येऊन मिटतो, आणि मिटताना त्याला शेजारी म्हणून तिसरा लागतो. (पी-फाइव्हच्या २.० आवृत्तीत याची नावं बदलून स्प्लाइन आणि स्प्लाइनव्हर्टेक्स झाली आहेत आणि तिथे टोकाचे बिंदू आपोआप जोडले जातात. तेव्हा एखादं उदाहरण उतरवून घेताना ते कोणत्या आवृत्तीचं आहे ते आधी बघा.)

टोक बोथट का झालं हेही आता लक्षात येईल. टोकाच्या मागचा शेजारी कोयरीच्या बाहेरच्या कडेवर आहे, पुढचा आतल्या कडेवर. दोघांना जोडणारी रेघ टोकाला आडवी जाते. वक्र टोकावरून त्या आडव्या दिशेने जातो आणि टोकाची टोपी होते. लायब्ररीने तिचा नियम इमानाने पाळला आहे. उपाय म्हणजे मावशीसारखी चिमूट उचलणं : टोकापाशी वक्र संपवायचा आणि तिथूनच नवा सुरू करायचा. म्हणजे यादी टोकापासूनच सुरू करा, टोकापाशीच संपवा आणि दोन्हीकडे तो बिंदू दोनदा द्या. मग टोकाच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दिशा एकमेकींना बांधलेल्या राहत नाहीत.

गाठीची गोष्ट जरा जास्त गमतीची आहे. माउसने बिंदू टिपताना पोटाजवळ तुमचे दोन बिंदू अगदी जवळजवळ पडले असणार. कॅटमल-रोमचा तुकडा बेझियरमध्ये (जिथे दिशा आपण सांगतो असा वक्र, तो पुढे येतोच) बदलला तर शेजाऱ्यांमधल्या फरकाचा सहावा भाग एवढा लांब हात, म्हणजे दिशा दाखवणारी रेघ, प्रत्येक टोकाला मिळतो. समजा एका बाजूचं अंतर १०० आहे आणि दुसऱ्या बाजूचं १०. शेजाऱ्यांमधला फरक ११०, त्याचा सहावा भाग साधारण १८. म्हणजे ज्या तुकड्याची लांबीच १० आहे, त्याच्या टोकाला १८ लांबीचा हात. रेघ पुढे धावते, बिंदू ओलांडून जाते आणि परत येते. त्या परत येण्याचीच गाठ दिसते. यावर एक उपाय म्हणजे अंतराच्या वर्गमुळाच्या हिशोबाने दिशा काढणारा सुधारित कॅटमल-रोम. त्यात दोन लगतच्या बिंदूंमधल्या तुकड्यात गाठ किंवा अणकुचीदार वळण येत नाही. तो स्वतः लिहावा लागतो, अवघड नाही. पण माझं मत विचाराल तर कोयरीला चौदा बिंदूंची गरजच नाही.

चार पुरतात. खरंच चार.

जास्त बिंदू घेतले की आकार जास्त अचूक होईल असं वाटतं. होतं उलट. माउसने टिपलेल्या प्रत्येक बिंदूत हाताचा दोन-तीन पिक्सेलचा थरथराट असतो आणि कॅटमल-रोम प्रत्येक बिंदूतून जाणारच असा हट्ट धरतो. चौदा बिंदू म्हणजे चौदा थरथराट. फॉन्ट बनवणारे लोक अक्षराच्या बाह्यरेषेवर शक्य तितके कमी बिंदू ठेवतात आणि ते ठेवण्याची त्यांची एक जुनी शिस्त आहे : जिथे आकार सर्वांत डावीकडे, सर्वांत उजवीकडे, सर्वांत वर किंवा सर्वांत खाली जातो, तिथेच बिंदू ठेवायचा. कारण अशा जागी दिशा आपोआप ठरलेली असते. सर्वांत डाव्या बिंदूवर रेघ उभीच असणार, सर्वांत खालच्या बिंदूवर आडवीच असणार. ‘ठ’ किंवा ‘ळ’ चा बाक एखाद्या चांगल्या देवनागरी फॉन्टमध्ये मोठा करून बघा, ही शिस्त दिसेल.

आपल्या कोयरीत असे तीन बिंदू घेऊ : डावा (१००, २३०), तळ (२००, ३४०), उजवा (३००, २४०). चौथा बिंदू टोक, (२८०, ७०). टोक उजवीकडे झुकलेलं आहे. या चार बिंदूंना चार बेझियर तुकड्यांनी जोडायचं.

बेझियरच्या एका तुकड्याला चार बिंदू लागतात. पहिला आणि चौथा रेघेवर असतात. मधले दोन रेघेवर नसतात, ते हात असतात. पहिल्या टोकापासून पहिल्या हाताकडे जाणारी दिशा म्हणजे वक्राची सुरुवातीची दिशा. दुसऱ्या हाताकडून शेवटच्या टोकाकडे येणारी दिशा म्हणजे पोचतानाची दिशा. दिशा तुमच्या हातात येते ती इथे. हात लांब केला तर वक्र त्या दिशेने जास्त वेळ जातो, आखूड केला तर लवकर वळतो.

हे लिहिण्याची पद्धत अशी :

बिगिनशेप()
व्हर्टेक्स(२८०, ७०)
बेझियरव्हर्टेक्स(२००, ४०, १००, १३०, १००, २३०)
बेझियरव्हर्टेक्स(१००, २९१, १४५, ३४०, २००, ३४०)
बेझियरव्हर्टेक्स(२५५, ३४०, ३००, २९५, ३००, २४०)
बेझियरव्हर्टेक्स(३००, १८०, २०५, ११०, २८०, ७०)
एंडशेप(क्लोज)

बेझियरव्हर्टेक्सची पहिली ओळ टोकावरून बाहेरच्या कडेने डाव्या पोटाशी येते, दुसरी तळाशी, तिसरी उजव्या पोटाशी आणि चौथी मानेच्या आतल्या कडेने परत टोकाला. प्रत्येक ओळीतले पहिले चार आकडे दोन हातांचे, शेवटचे दोन पोचायच्या बिंदूचे.

आता सांधे तपासा. डाव्या बिंदूवर येणारा हात (१००, १३०) वर आहे, निघणारा (१००, २९१) वर. दोन्हींचा एक्स १००, बिंदूचाही १००. तिन्ही एका उभ्या रेघेत, म्हणून सांधा दिसत नाही. तळाशी (१४५, ३४०), (२००, ३४०), (२५५, ३४०) हे तिन्ही एका आडव्या रेघेत आहेत. उजवीकडे (३००, २९५), (३००, २४०), (३००, १८०) पुन्हा एका उभ्या रेघेत. फक्त टोकावर हा नियम मुद्दाम मोडला आहे, कारण टोक हवंय. सांध्यावर कोपरा दिसला की कोड वाचत बसू नका, येणारा हात, बिंदू आणि निघणारा हात एका रेघेत आहेत का एवढंच बघा. दहातले नऊ दोष तिथेच सापडतात.

तळाच्या दोन तुकड्यांतले ५५ आणि ६१ हे आकडे कुठून आले? वर्तुळाचा पाव भाग बेझियरने काढायचा तर हाताची लांबी त्रिज्येच्या ०.५५२३ पट ठेवतात. हा आकडा म्हणजे दोनाच्या वर्गमुळातून एक वजा करून चार-तृतीयांशने गुणलेली संख्या. उजव्या तुकड्यात आडवी आणि उभी दोन्ही मापं १००, म्हणून हात ५५. डाव्या तुकड्यात उभं माप ११०, म्हणून उभा हात ६१, आडवा ५५. बेझियरने अगदी नेमकं वर्तुळ कधीच होत नाही, कारण ही बहुपदी आहे आणि वर्तुळ बहुपदीत बसत नाही. पण या आकड्याने चूक त्रिज्येच्या ०.०३ टक्क्यांच्या आत राहते. १०० पिक्सेल त्रिज्येला ती एका पिक्सेलच्या तीन-शतांशाहूनही कमी. डोळ्याला काय, यंत्रालाही कळणार नाही.

आत काय घडतं हे एकदा हाताने केलंत तर बेझियर कायमचा तुमचा होईल. आलेखाच्या कागदावर चौथा तुकडा घ्या, पण पहिला हात (३००, १६०) धरा, का ते पुढे सांगते. चार बिंदू झाले : (३००, २४०), (३००, १६०), (२०५, ११०), (२८०, ७०). लगतच्या दोन-दोन बिंदूंचे मध्य काढा, तीन बिंदू मिळतील : (३००, २००), (२५२.५, १३५), (२४२.५, ९०). या तिघांचे पुन्हा मध्य, दोन मिळतील : (२७६.२५, १६७.५) आणि (२४७.५, ११२.५). या दोघांचा मध्य साधारण (२६२, १४०). हा बिंदू नेमका वक्रावर आहे आणि शेवटच्या दोन बिंदूंना जोडणारी रेघ ही तिथली स्पर्शिका. मध्याऐवजी एक-तृतीयांश घेतलात तर वक्रावरचा दुसरा बिंदू. एवढंच. ही रीत पॉल द कास्तेलजो यांनी १९५९ च्या सुमारास सित्रोएन या मोटार कंपनीत शोधली. कंपनीने ती गुप्त ठेवली. रनो कंपनीतल्या पिएर बेझिए यांनी स्वतंत्रपणे केलेलं काम मात्र प्रसिद्ध झालं आणि वक्राला नाव त्यांचं मिळालं. मोटारीच्या पत्र्याचा बाक कारागिराच्या डोळ्यातून आकड्यात आणायचा, ही दोघांचीही गरज होती. आपलीही तीच आहे.

आता तो १६०. वर दिलेल्या कोडमध्ये उजव्या सांध्यावरचा हात (३००, १८०) आहे. दिशा जुळते, कोपरा दिसत नाही. तरीही कोयरी मोठी करून बघितली की त्या जागी काहीतरी खटकतं, पोट एकदम आवळल्यासारखं वाटतं. दिशा जुळली तरी वळण्याचा वेग जुळला नाही, हे त्याचं कारण. मोटार चालवताना स्टिअरिंग एका क्षणात झटक्याने फिरवल्यासारखं ते आहे.

हे मोजता येतं. बेझियरच्या टोकापाशी वक्र किती त्रिज्येच्या वर्तुळासारखा वळतो हे काढायला हाताच्या लांबीचा वर्ग घ्या आणि त्याला, दुसरा हात स्पर्शिकेपासून जितका दूर आहे त्या अंतराच्या दोन-तृतीयांशाने भागा. उजव्या सांध्यावर खालच्या तुकड्याचा हात ५५, दुसरा हात रेघेपासून ४५ दूर. ३०२५ भागिले ३०, साधारण १०१. वरच्या तुकड्याचा हात ६०, दुसरा हात ९५ दूर. ३६०० भागिले ६३.३, साधारण ५७. म्हणजे १०१ त्रिज्येने वळणारी रेघ एका बिंदूत ५७ वर येते. तोच हात ८० केला, म्हणजे (३००, १६०) वर नेला, की ६४०० भागिले ६३.३, साधारण १०१. दोन्ही बाजू जुळल्या. तो एक आकडा बदलून दोन्ही चित्रं शेजारी ठेवा, फरक सांगावा लागणार नाही. डाव्या सांध्यावर हेच गणित केलंत तर १५० आणि १२४ येतात. तिथे मी तसंच सोडलं आहे, कारण एवढा फरक डोळा पोटात घालतो आणि बाहेरची कड थोडी ताणलेली दिसली तर कोयरी जास्त डौलदार वाटते. हा माझा डोळा झाला. तुमच्या आजीच्या काठावर वेगळं असेल तर काठाचं ऐका.

हात दिसल्याशिवाय हे काम करू नका. प्रत्येक हाताच्या टोकाला छोटा रंगीत ठिपका आणि ठिपक्यापासून बिंदूपर्यंत बारीक रेघ काढणारं पाच-सहा ओळींचं फंक्शन सुरुवातीलाच लिहून ठेवा. शक्य असेल तर ठिपके माउसने ओढता येतील असे करा. आकडे अंदाजाने बदलत बसण्यात जो अर्धा दिवस जातो, तो वाचेल.

चापांबद्दल. आर्क हे फंक्शन कोन रेडियनमध्ये घेतं, शून्य अंश घड्याळातल्या तीनच्या जागी असतो आणि कोन घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने वाढतो. शून्य ते पाय (π, म्हणजे १८० अंश) दिलंत की तीनपासून सहावरून नवापर्यंत, म्हणजे खालचं अर्धवर्तुळ येतं. वरचं हवं तर पाय ते दोन पाय. अंशांत काम करायचं असेल तर अँगलमोड(डिग्रीज) सुरुवातीला लिहा. दुसरा घोळ मापांचा : पी-फाइव्हच्या आर्कला रुंदी आणि उंची, म्हणजे पूर्ण व्यास द्यावा लागतो, ब्राउझरच्या मूळ कॅनव्हासमधल्या आर्कला त्रिज्या. एकातून दुसऱ्यात कोड नेताना आकार दुप्पट किंवा निम्मा होतो तो यामुळे.

आणि सांध्यावरचे कोपरे? दोन चाप गुळगुळीत जुळायचे असतील तर दोन्ही केंद्रं आणि सांध्याचा बिंदू एका सरळ रेषेत हवेत. डिप्लोमाला ड्रॉइंग बोर्डावर कंपासने हेच करवून घेतात. त्रिज्या मात्र चापागणिक बदलते आणि ती झटक्यानेच बदलते. म्हणून चाप जोडून केलेली कोयरी सांधे जुळवले तरी जराशी यांत्रिक दिसते. जाळीदार खिडकी, कमान, दागिन्याचा साचा अशा कामांना चाप उत्तम. वेलबुट्टीला बेझियर.

काही जण तिसऱ्या मार्गाने जातात : साइन-कोसाइनच्या सूत्राने लूपमध्ये बिंदू काढायचे आणि सरळ रेघांनी जोडायचे. फुलांच्या पाकळ्या, गुंडाळ्या, लाटा यांना ही रीत फार छान, पण किती तुकडे करायचे याचा हिशोब आधी करा. मी सुरुवातीच्या काळात एका कार्यशाळेसाठी लेझरने कापायच्या लाकडी थाळीची फाइल बनवली होती. वर्तुळासाठी ३६ तुकडे घेतले होते. पडद्यावर १०० पिक्सेल त्रिज्येला ३६ तुकड्यांची चूक ०.३८ पिक्सेल होते, कुठे काही दिसत नव्हतं. थाळीची त्रिज्या ३०० मिलिमीटर होती. तिथे तीच चूक १.१४ मिलिमीटर झाली, आणि थाळीच्या कडेवरून बोट फिरवलं की छत्तीस कोपरे एकेक करून लागत होते. लाकूड वाया गेलं. तेव्हापासून मी तुकड्यांची संख्या डोळ्याने ठरवत नाही : त्रिज्येला, चालेल तेवढ्या चुकीच्या दुपटीने भागायचं, वर्गमूळ काढायचं आणि पायने गुणायचं. ३०० मिलिमीटर त्रिज्या आणि ०.०५ मिलिमीटर चूक धरली तर साधारण १७२ तुकडे. तुमची कोयरी पुढेमागे छपाईला किंवा कापायला जाणार असेल तर बेझियर तसाच ठेवून व्हेक्टर फाइलमध्ये द्या, तुकडे करूच नका.

याच ओघात एक : बेझियरडिटेल नावाचं फंक्शन बघून त्यातला आकडा वाढवल्याने रेघ गुळगुळीत होईल असं वाटेल. ते फक्त वेबजीएल मोडमध्ये, म्हणजे त्रिमितीय चित्रांसाठीच्या कॅनव्हासवर, लागू होतं. साध्या द्विमितीय कॅनव्हासवर वक्र ब्राउझर स्वतः काढतो, तिथे त्याचा काही परिणाम नाही.

जाड रेघेने कोयरी काढलीत तर टोकापाशी एक काटा पुढे आलेला दिसेल. रेघेच्या दोन बाजू टोकावर मिळेपर्यंत वाढवायच्या, हा जोडणीचा मूळ प्रकार असल्यामुळे तसं होतं. स्ट्रोकजॉइन(राउंड) लिहिलं की टोक मऊ होतं. बारीक रेघेला मूळचा प्रकारच चांगला दिसतो.

आता टिपक्यांची ओळ. पहिला मोह असा होतो की तीच कोयरी ०.८ पटीने लहान करून आत बसवावी. करून बघा : तळाशी पट्टी रुंद होईल, मानेशी अरुंद होईल, आणि आतल्या खोलगट कडेला लहान कोयरी मोठीच्या बाहेरही डोकावेल. लहान करणं आणि समांतर जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समांतर म्हणजे कडेच्या प्रत्येक बिंदूपासून, तिथल्या दिशेला काटकोनात, ठरावीक अंतर आत. बेझियरची समांतर रेघ सहसा बेझियर नसते, म्हणून ती बिंदू-बिंदूने काढावी लागते. पुन्हा दिशाच लागली बघा.

पी-फाइव्हमध्ये यासाठी दोन फंक्शनं आहेत. बेझियरपॉइंट वक्रावरची जागा देतं, बेझियरटँजंट तिथली दिशा. दोन्ही एक्ससाठी वेगळं आणि वायसाठी वेगळं बोलवायचं. दिशा (अ, ब) अशी मिळाली तर तिच्या काटकोनातली दिशा (ब, −अ). आपण टोकापासून डावीकडे, मग तळाशी, मग उजवीकडे असे जात आहोत, त्यामुळे (ब, −अ) नेहमी कोयरीच्या आतच दाखवते. डाव्या बिंदूवर खात्री करून घ्या : तिथे आपण सरळ खाली चाललो आहोत, दिशा (०, १), काटकोनातली (१, ०), म्हणजे उजवीकडे, पोटाच्या आत. बिंदू उलट्या क्रमाने दिले असतील तर चिन्हं उलटी करा. ही दिशा तिच्या लांबीने भागून १२ ने गुणा आणि जागेत मिळवा. १२ पिक्सेल आतला बिंदू मिळाला.

सारख्या अंतराचं काय? बेझियरपॉइंटला शून्य ते एक यांमधली एक संख्या द्यावी लागते. ती ०.१, ०.२, ०.३ अशी सारख्या पायऱ्यांनी वाढवली तर टिपके सारख्या अंतरावर पडत नाहीत. हात लांब असतील तिथे विरळ पडतात, आखूड असतील तिथे दाटतात. ती संख्या वेळेसारखी आहे. सारख्या वेळात बैलगाडी चढावर कमी जाते, उतारावर जास्त.

म्हणून अंतर मोजावं लागतं. प्रत्येक तुकड्यावर शंभरेक बिंदू काढा, लगतच्या बिंदूंमधली अंतरं बेरजेत घेत जा आणि इथपर्यंत किती लांबी झाली याची यादी ठेवा. मग त्या यादीत १४, २८, ४२ अशा लांबीचा बिंदू शोधा. दोन नोंदींच्या मध्ये आला तर प्रमाणात मधला घ्या.

इथे बहुतेक जण एक चूक करतात. मीही बराच काळ केली. लांबी बाहेरच्या कडेवर मोजतात आणि टिपके आतल्या रेघेवर ठेवतात. पोटाशी त्रिज्या १०० असेल तर १२ आत गेल्यावर ती ८८ होते, म्हणजे टिपक्यांमधलं अंतर बारा टक्क्यांनी कमी होतं. मानेच्या खोलगट कडेला उलट, तिथे टिपके फाकतात. एकाच कोयरीवर पोटाला दाट आणि मानेला विरळ टिपके दिसतात आणि चूक कुठे आहे ते कळत नाही. यादी करायची ती आत सरकवलेल्या बिंदूंचीच करा.

टोकाजवळ दोन्ही कडांचे टिपके एकमेकांवर चढतील, कारण तिथे कोयरीची रुंदी २४ पिक्सेलहून कमी होते. लांबी मोजण्याआधी प्रत्येक आतला बिंदू तपासा आणि कडेच्या कुठल्याही बिंदूपासून तो १२ पेक्षा जवळ असेल तर यादीतून काढा. तुलनेत अर्ध्या पिक्सेलची सूट ठेवा, नाहीतर दशांशाच्या बारीक चुकांमुळे चांगले बिंदूही गळतील. उरलेल्या बिंदूंची एकच अखंड ओळ राहते, बाहेरच्या कडेच्या मानेपासून पोटाला वळसा घालून आतल्या कडेच्या मानेपर्यंत. तिची एकूण लांबी काढा. समजा ६१२ आली आणि तुम्हाला टिपके १४ च्या अंतराने हवेत. ६१२ भागिले १४ म्हणजे ४३.७, ते ४४ धरा आणि अंतर १३.९ ठेवा. ओळ दोन्ही टोकांना उघडी असल्यामुळे ४४ अंतरांना ४५ टिपके लागतील, आणि पहिला टिपका एका कडेला जितक्या उंचीवर असेल, साधारण तेवढ्याच उंचीवर शेवटचा दुसऱ्या कडेला येईल.